दगडाळ, निचऱ्याची ग्रॅनाइटी डोंगरी माती : पाणी नेमके थांबते कुठे?

रानओढ

गेले काही महिने मी एका ग्रॅनाइटी डोंगराच्या तीव्र उतारावरील जंगलाची पाहणी करीत आहे. झाडांच्या नोंदी घेताना पायाखालच्या मातीकडे लक्ष गेले आणि तेव्हापासून एक कोडे सुटेनासे झाले आहे, म्हणून हा धागा.

उतारावर मी साठ सेंटीमीटर खोल खड्डा घेतला. वर पालापाचोळ्याचा थर, त्याखाली जेमतेम आठ-दहा सेंटीमीटर काळपट, भुसभुशीत माती आणि मग थेट पिवळसर तपकिरी रंगाची जाडीभरडी रेती. तिच्यात खड्यांपासून डोक्याएवढ्या धोंड्यांपर्यंत सर्व आकारांचे दगड होते आणि ते अर्ध्याहून बरेच अधिक भरले. मूठभर माती ओली करून वळून पाहिली, तर तिची वळी होत नाही. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतले, तर ते पाहता पाहता जिरून गेले. मृदा सर्वेक्षणाच्या अहवालात या मातीचे वर्णन ‘अतिदगडाळ, चांगला निचरा होणारी, ग्रॅनाइटी खडकापासून बनलेली’ असे आहे आणि ते माझ्या निरीक्षणाशी जुळते.

मात्र त्याच उतारावर दोन माणसांच्या कवेत न मावणारे वृक्ष उभे आहेत आणि कोरड्या ऋतूच्या अखेरीसही ते हिरवेगार असतात. मातीच्या जलधारण क्षमतेचा हिशेब मांडला, तर आठवडाभरात सारे पाणी संपायला हवे. मग ही माती निकृष्ट म्हणायची की चांगली? तिच्यातील दगड केवळ जागा अडवतात की त्यांचा काही उपयोगही होतो? आणि या झाडांना पाणी मिळते तरी कुठून? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

कातळवेडा

प्रश्न फार चांगला आहे. उत्तराची सुरुवात मातीपासून न करता खडकापासून करावी लागेल, कारण या मातीचे जवळजवळ सर्व गुणधर्म ग्रॅनाइट कसा कुजतो यातून येतात.

ग्रॅनाइट हा भूगर्भात सावकाश थंड झालेला खडक असल्यामुळे त्याचे स्फटिक मोठे, डोळ्यांना दिसणारे असतात. त्यात मुख्यतः क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी, दोन प्रकारचे फेल्डस्पार आणि थोडे अभ्रक असते. ही खनिजे एकाच वेगाने झिजत नाहीत. १९३८ मध्ये सॅम्युअल गोल्डिच यांनी खनिजांच्या विदारणाचा जो क्रम मांडला, त्यानुसार काळे अभ्रक आणि सोडियम-कॅल्शियमचे फेल्डस्पार आधी बदलतात, पोटॅशियमचे फेल्डस्पार बराच काळ टिकते आणि क्वार्ट्झ जवळजवळ तसेच राहते.

यातील काळ्या अभ्रकाची भूमिका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाणी आणि ऑक्सिजन खडकाच्या सूक्ष्म भेगांतून आत शिरले की अभ्रकातील लोहाचे ऑक्सिडीकरण होते, त्याचे पापुद्रे किंचित फुगतात आणि हा फुगवटा आजूबाजूच्या स्फटिकांना ढकलून खडकभर बारीक तडे पाडतो. परिणामी रासायनिकदृष्ट्या फारसा न बदललेला खडकसुद्धा स्फटिकास्फटिकांतून सुटा होतो आणि त्याची खडबडीत, टोकदार कणांची रेती होते. भूशास्त्रात या रेतीला ‘ग्रस’ म्हणतात. आपल्या खड्ड्यातील जाडीभरडी रेती ती हीच. स्फटिकच मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचे असल्याने त्यांच्या विघटनातून येणारे कणही तेवढेच भरड असतात. चिकणमाती तयार व्हायला फेल्डस्पारचे रासायनिक रूपांतर पुरेसे पुढे जावे लागते, आणि थंड, तीव्र उताराच्या डोंगरावर तेवढा अवधी मिळण्याआधीच माती खाली सरकून जाते. त्यामुळे वळी होत नाही यात आश्चर्य नाही.

पाषाणफूल

ग्रस म्हणजे आपण ज्याला मुरूम म्हणतो तोच का?

कातळवेडा

व्यवहारात होय, पण थोडा सावधपणा हवा. मुरूम हा शब्द आपण कोणत्याही कुजलेल्या, फावड्याने निघणाऱ्या खडकाला लावतो, मग तो बेसॉल्टचा असो वा ग्रॅनाइटचा. ग्रॅनाइटच्या बाबतीत दोन अवस्था वेगळ्या ओळखाव्यात. एकीत खडकाची मूळ रचना, सांधे, शिरा सारे जागच्या जागी दिसते, पण हातोडीच्या हलक्या ठोक्याने किंवा बोटांच्या दाबाने तो भुगा होतो. दुसरीत तो भुगा जागेवरून हलून उतारावर पसरलेला असतो. पहिल्या अवस्थेला मी इथे ‘कुजका कातळ’ म्हणेन आणि दुसरीला ‘सुटी रेती’. रानओढ यांच्या प्रश्नाचे उत्तर या भेदात दडलेले असावे, असा माझा कयास आहे. पण आधी इतरांचे ऐकू.

चाळणी

माझा आक्षेप ‘अर्ध्याहून बरेच अधिक’ या शब्दांवर आहे. आपण दगड मोजले ते वजनाने की आकारमानाने? हे स्पष्ट केल्याशिवाय पुढचा कोणताही हिशेब बरोबर येणार नाही.

उदाहरण घ्या. समजा, दहा लिटर आकारमानाचा खड्डा घेतला. त्यातून निघालेली सर्व सामग्री वाळवून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळली. वर राहिलेले दगड १३.२५ किलो भरले. ग्रॅनाइटची घनता घनसेंटीमीटरला सुमारे २.६५ ग्रॅम धरली, तर हे दगड बरोबर ५ लिटर जागा व्यापतात, म्हणजे आकारमानाने ५० टक्के. उरलेल्या ५ लिटरमधील बारीक माती, सच्छिद्र असल्यामुळे, लिटरला १.२ किलोप्रमाणे ६ किलोच भरते. आता वजनाने दगडांचे प्रमाण काढा : १९.२५ किलोंपैकी १३.२५, म्हणजे जवळपास ६९ टक्के. खड्डा एकच, पण एक जण ५० म्हणेल आणि दुसरा ६९. वर्गीकरणासाठी आकारमान लागते. अमेरिकी पद्धतीत आकारमानाने ३५ टक्के किंवा अधिक दगड असलेल्या मातीला ‘सांगाडामय’ गटात टाकतात. जागतिक मृदा वर्गीकरणात ‘स्केलेटिक’ हे विशेषण लावण्यासाठी पहिल्या एक मीटरमध्ये सरासरी ४० टक्के दगड असावे लागतात.

आणखी एक विनंती. मोठे धोंडे पिशवीत मावत नाहीत म्हणून खड्ड्याच्या कडेला फेकून देण्याची चूक पुष्कळ जण करतात. मी स्वतः पहिली दोन वर्षे तीच केली आणि त्या काळातील माझे सेंद्रिय कर्बाचे सर्व आकडे प्रत्यक्षापेक्षा फुगलेले निघाले, कारण जिथे धोंडा होता ती जागाही मी बारीक मातीचीच धरली होती. आता खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरून काठोकाठ पाणी भरतो आणि लागलेल्या पाण्यावरून खड्ड्याचे खरे आकारमान काढतो. धोंडे जागेवरच तोलतो.

रानओढ

चाळणी, आपला आक्षेप योग्य आहे. मी वजनानेच मोजले होते आणि धोंडेही वगळले होते. पुढच्या खेपेस आपल्या पद्धतीने पुन्हा मोजेन.

वाफसा

मला ‘निचरा’ या शब्दाबद्दल लिहायचे आहे, कारण बादलीभर पाण्याचा प्रयोग आणि अहवालातील ‘चांगला निचरा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि धाग्यात त्या एक झाल्या आहेत.

बादलीतले पाणी किती लवकर जिरले यावरून मातीची पारगम्यता कळते. निचऱ्याचा वर्ग मात्र वेगाचा नसतो. वर्षातून किती काळ आणि किती खोलीवर माती पाण्याने तुडुंब भरलेली राहते, याचे ते वर्णन असते. पारंपरिक वर्गीकरणात अतिनिचऱ्यापासून अतिशय खराब निचऱ्यापर्यंत सात वर्ग आहेत. चांगल्या निचऱ्याच्या मातीत पाणी सहज निघून जाते, पण झपाट्याने जात नाही, आणि मुळांच्या वाढीला ओलेपणाची अडचण होत नाही. भरड रेतीत झपाट्याने पाणी सोडणाऱ्या मातीसाठी याच्या वरचे दोन वर्ग आहेत. म्हणून अहवालाने ‘अतिनिचरा’ न म्हणता ‘चांगला निचरा’ म्हटले असेल, तर त्यात काहीतरी सांगितले आहे : या मातीच्या तळाशी कुठेतरी पाणी रेंगाळते, पण मुळे गुदमरतील इतके नाही.

याची खूण खड्ड्याच्या भिंतीत शोधावी. माती बराच काळ पाण्याखाली राहिली, तर हवेअभावी लोहाचे रूप बदलते, करडे पट्टे उमटतात आणि त्यांच्या कडेने गंजासारखे ठिपके दिसतात. सलग पिवळसर तपकिरी रंग असेल, तर निचरा खरोखर चांगला. रानओढ यांनी दिलेल्या वर्णनात करडा रंग कुठेही नाही. मात्र खड्डा साठ सेंटीमीटरांवर थांबला आहे, आणि मला तेच खटकते.

निर्झर

याच डोंगरात, एखाद्या खोलगट जागी, दलदलीचे कुरणही सापडेल. मूळ खडक तोच आणि रेतीही तीच, पण तिथे सारे पाणी गोळा होते, कारण तळाचा न कुजलेला कातळ पाणी जवळजवळ पिऊच देत नाही. त्यामुळे निचऱ्याविषयी बोलताना ‘ग्रॅनाइटी माती’ एवढे म्हणून भागत नाही. ती उतारावर कुठे आहे हे सांगावे लागते.

सामू

पाण्यावर बरीच चर्चा झाली, परंतु मूळ प्रश्नात ‘निकृष्ट की चांगली’ असेही विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे : पोषणाच्या दृष्टीने ही माती दरिद्री आहे आणि मोठे वृक्ष पाहून आपण भुलून जाऊ नये.

ग्रॅनाइटमध्ये सिलिका सत्तर टक्क्यांच्या घरात असते, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि स्फुरद अल्प असतात. बेसॉल्टपासून बनणाऱ्या काळ्या मातीत हीच मूलद्रव्ये भरपूर असतात आणि तिच्यातील फुगणारी चिकणमाती ती धरूनही ठेवते. ग्रॅनाइटच्या फेल्डस्पारपासून बहुधा केओलिनाइट ही न फुगणारी चिकणमाती तयार होते आणि तिची धन आयन विनिमय क्षमता, म्हणजे पोषक क्षार धरून ठेवण्याची ताकद, फुगणाऱ्या चिकणमातीच्या दशांशाच्या आसपास असते. त्यातही या मातीत चिकणमातीचे एकूण प्रमाण थोडेच. पावसाचे पाणी भरड रेतीतून सतत झिरपून जाताना विनिमयक्षम क्षार सोबत नेते आणि माती आम्ल होत जाते. सामू (पीएच) ५ ते ६ च्या दरम्यान मिळणे अगदी सामान्य आहे. सूचिपर्णी झाडांच्या पालापाचोळ्याखाली तो याहूनही उतरतो. ५.५ च्या खाली ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि ते मुळांना घातक ठरते.

या मातीला आम्ल पचवण्याची ताकद किती कमी असते, याचा धडा विसाव्या शतकात दक्षिण नॉर्वेमध्ये मिळाला. तिथे ग्रॅनाइट आणि नाइस खडकांवर पातळ माती आहे. दूरवरच्या कारखान्यांच्या धुराने पाऊस आम्ल झाला, तेव्हा त्या मातीला तो उदासीन करता आला नाही आणि हजारो तळ्यांतील मासे नाहीसे झाले. चुनखडीच्या प्रदेशात तसाच पाऊस पडला असता, तर तळ्यांना एवढा धक्का बसला नसता. खनिजांची गरिबी म्हणजे काय, हे यातून पुरेसे कळते.

अरण्यऋतू

सामू यांच्या आकड्यांशी माझा वाद नाही, पण ‘दरिद्री’ या शब्दाशी आहे. शेतीच्या मापाने मोजले तर ही माती गरीब ठरते, कारण शेतीत दरवर्षी पीक उचलून नेले जाते. जंगलात पाला तिथेच पडतो, कुजतो आणि त्यातील द्रव्ये पुन्हा मुळांत जातात. वरचे जे आठ-दहा सेंटीमीटर काळपट आहेत, तेच या मातीचे खरे भांडार आहे, कारण ह्यूमसची, म्हणजे कुजलेल्या पाल्यातून बनलेल्या काळपट द्रव्याची, आयन धरून ठेवण्याची क्षमता केओलिनाइटच्या कितीतरी पट असते. म्हणून त्या थराला धक्का लागला की सगळेच संपते.

शिवाय तीन गोष्टी सामू यांच्या हिशेबातून निसटल्या आहेत. एक, पालाश. पोटॅशियमचे फेल्डस्पार आणि अभ्रक यांतून तो सावकाश का होईना, सुटत राहतो, त्यामुळे या मातीत चणचण भासते ती सहसा कॅल्शियम, स्फुरद आणि नत्र यांची. दोन, धूळ. वारा दूरवरून बारीक धूळ आणतो आणि अनेक ग्रॅनाइटी पर्वतांवर मातीतील कॅल्शियम आणि स्फुरदाचा मोलाचा वाटा या धुळीतून येतो. मुठीत भरड रेतीसोबत पिठासारखे काही लागत असेल, तर त्यातील बराच भाग खडकातून न येता आकाशातून आलेला असू शकतो. तीन, मुळांवरची सहजीवी बुरशी. ती सेंद्रिय आम्ले स्रवून खनिजांच्या कणांतून पोषके मोकळी करते आणि केसाहूनही बारीक धाग्यांनी ती झाडापर्यंत पोचवते. झाड एकटे जगत नसते, हे लक्षात घेतले की माती गरीब आणि जंगल समृद्ध असा विरोधाभास उरत नाही.

सामू

शेती आणि जंगल यांच्या मापातील फरक मला मान्य आहे. ‘दरिद्री’ऐवजी ‘अल्पपोषी’ म्हणू. मात्र आपण म्हणता तो वरचा थर किती नाजूक आहे, यावर कोणी लिहिले तर बरे होईल.

घळ

त्यावर मी लिहितो, कारण उतारावरच्या रस्त्यांच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत.

ग्रॅनाइटी रेतीच्या कणांना एकमेकांशी बांधून ठेवणारे असे फारसे काही नसते. चिकणमाती नाही, म्हणून चिकटपणा नाही. जे काही धरून ठेवतात ते मुळे आणि ह्यूमस. रस्ता काढण्यासाठी डोंगर कापला की कुजका कातळ उघडा पडतो आणि कोरड्या दिवसांत, पाऊस नसतानाही, त्यातून खडे घरंगळत राहतात. सकाळी झाडून साफ केलेल्या गटारात संध्याकाळी रेतीचा ढीग असतो. अमेरिकेतील आयडाहो बॅथोलिथ या विस्तीर्ण ग्रॅनाइटी प्रदेशात लाकूडतोडीसाठी तीव्र उतारांवर रस्ते काढले गेले. १९६४-६५ च्या हिवाळी वादळांत तिथली इतकी रेती साउथ फोर्क सॅमन नदीत उतरली की सॅमन माशांच्या विणीच्या जागा गाडल्या गेल्या आणि पुढे त्या खोऱ्यातील लाकूडतोड थांबवावी लागली. त्या प्रदेशात रस्त्यांच्या बांधणीचे नियम नंतर ज्या काटेकोरपणे बनले, त्यामागे हा अनुभव आहे.

आगीनंतरची अवस्था याहून वाईट असते. पालापाचोळा जळताना त्यातील मेणासारखी द्रव्ये वाफ होऊन खाली उतरतात आणि थंड कणांवर त्यांचे लेपन होते. मग ज्या मातीत बादलीभर पाणी पाहता पाहता जिरत होते, तिच्यावर पाण्याचे थेंब मण्यांसारखे उभे राहतात. भरड रेतीत हा परिणाम अधिक तीव्र असतो, कारण कण मोठे असल्याने एकूण पृष्ठभाग कमी आणि तेवढ्याच द्रव्यात तो सहज झाकला जातो. कोलोरॅडोमधील पाइक्स पीक ग्रॅनाइटच्या प्रदेशात मे १९९६ मध्ये बफेलो क्रीकची आग लागली आणि दोनच महिन्यांनी झालेल्या जोरदार पावसात उतारावरची रेती पुराबरोबर खालच्या जलाशयात जाऊन बसली. म्हणून ‘चांगला निचरा’ हा मातीचा कायमचा गुण समजू नये. तो वरच्या आवरणाच्या भरवशावर टिकून असतो.

पाषाणफूल

पण पृष्ठभागावरचे दगड तर धूप थांबवतात, असे मी ऐकले होते. मग इतकी माती वाहून कशी जाते?

घळ

दगड सुटे, मातीवर नुसते टेकलेले असतील, तर आपण ऐकले ते खरे आहे. पावसाच्या थेंबाचा मार ते झेलतात, त्यांच्या खालची माती भुसभुशीत राहते आणि बाजूने आलेले पाणी त्यांच्या आडोशाला जिरते. तेच दगड मातीच्या कवचात घट्ट रुतलेले असतील, तर ते छपराच्या कौलांसारखे काम करतात. त्यांच्यावरचे पाणी जिरत नाही, ते शेजारच्या उघड्या मातीवर जाऊन पडते आणि अपधाव, म्हणजे पृष्ठभागावरून वाहून जाणारे पाणी, वाढवते. एकाच उतारावर या दोन्ही स्थिती पाहायला मिळतात. तिसरी गोष्ट म्हणजे, पुष्कळदा दगडांचे आवरण हे धुपीचा परिणाम असते : बारीक माती निघून गेली, म्हणून दगड मागे राहिले.

निर्झर

घळ यांच्या लेखनाला एक पुरवणी. धूप वरून होते, पण या मातीत खालूनही धोका असतो. जोरदार पावसाचे पाणी रेतीतून झटकन खाली उतरते आणि अभेद्य कातळाशी येऊन अडते. मग ते कातळाच्या पाठीवरून, मातीच्या आतून, उताराच्या दिशेने वाहू लागते. घळीच्या माथ्याशी, जिथे अनेक बाजूंनी असे पाणी एकत्र येते, तिथे त्याचा दाब वाढतो, कणांमधील घर्षण घटते आणि अख्खा थर सुटून खाली येतो. जपानमध्ये कुजलेल्या ग्रॅनाइटच्या या रेतीला ‘मासादो’ म्हणतात. हिरोशिमा शहराच्या कडेच्या अशाच उतारांवर २० ऑगस्ट २०१४ रोजी पहाटे काही तासांच्या मुसळधार पावसाने दरडी कोसळल्या आणि सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. इतक्या सच्छिद्र मातीत पाणी साचू शकत नाही, हा समज जीवघेणा ठरतो. घर बांधताना घळीचे तोंड टाळावे, एवढे तरी प्रत्येकाने पाळावे असे मला कळकळीने वाटते.

खडीवाट

घराचा विषय निघाला म्हणून लिहिते. अशा उतारावर राहायला जाणाऱ्यांनी शोषखड्ड्याचाही विचार करावा. सांडपाणी लगेच जिरते म्हणून सुरुवातीला समाधान वाटते, पण गाळण होण्यासाठी पाणी मातीच्या बारीक कणांच्या संगतीत काही काळ राहावे लागते. भरड रेती आणि दगडांच्या फटींतून ते तसेच खाली उतरते, कातळाच्या भेगांत शिरते आणि खालच्या अंगाच्या झऱ्यात अस्वच्छ स्थितीत बाहेर पडू शकते. आमच्या एका डोंगरी मुक्कामाच्या जागी हेच झाले होते. झऱ्याचे पाणी पिऊन अनेक जण आजारी पडले, तेव्हा कुठे कारण शोधले गेले.

कातळवेडा

खडीवाट यांचा मुद्दा मोलाचा आहे. आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण वाफसा यांनी साठ सेंटीमीटरांच्या खड्ड्याविषयी जी शंका घेतली, तिथेच उत्तर आहे असे मला वाटते.

आधी मातीचा हिशेब करू. भरड रेताड पोयट्यात झाडांना मिळू शकणारे पाणी आकारमानाच्या दहा टक्के धरू. अर्धी जागा दगडांनी व्यापली असेल, तर ते पाच टक्क्यांवर येते. साठ सेंटीमीटर खोलीत ते होते फक्त ३० मिलिमीटर. जंगल दिवसाला ५ मिलिमीटर पाणी वापरत असेल, तर सहा दिवसांत भांडार रिकामे. रानओढ यांचा आठवड्याचा अंदाज म्हणूनच बरोबर आहे.

आता खाली चला. साठ सेंटीमीटरांवर जिथे फावडे अडते आणि आपण ‘खडक लागला’ म्हणून थांबतो, तिथे ग्रॅनाइटी डोंगरात बहुधा कुजका कातळ असतो. त्याची रचना खडकाची, पण अभ्रकाने पाडलेल्या सूक्ष्म तड्यांमुळे तो सच्छिद्र झालेला असतो, आणि हे तडे रेतीच्या फटींपेक्षा पुष्कळ बारीक असल्याने पाणी केशाकर्षणाने धरून ठेवतात. समजा, या कातळाची धारणक्षमता आठ-दहा टक्केच आहे; परंतु त्याची जाडी दोन मीटर असेल, तरी १६० ते २०० मिलिमीटर पाणी तिथे साठते, म्हणजे वरच्या मातीच्या सुमारे पाच ते सात पट. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतावर उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. तिथल्या पाइन वृक्षांवर झालेल्या संशोधनात हे दिसून आले आहे की वरची पातळ माती उन्हाळ्याच्या पूर्वार्धातच सुकते आणि त्यानंतर झाडे कुजक्या कातळातील पाण्यावर तग धरतात. मुळे कातळाच्या सांध्यांतून कित्येक मीटर खाली उतरतात. सांध्यांमधल्या कठीण भागात मूळ शिरू शकत नाही, पण अरण्यऋतू यांनी सांगितलेल्या बुरशीचे धागे त्या बारीक छिद्रांत शिरतात आणि तिथले पाणी मुळांपर्यंत आणतात.

तेव्हा वरची माती पाणी साठवते कमी आणि खाली पोचवते अधिक. दगडांच्या कडेने पाणी वेगाने उतरते, वरून त्याचे बाष्पीभवन व्हायला फारसा वेळ मिळत नाही आणि ते खोल भांडारात सुरक्षित जाते. दगडांचा उपयोग काय, असे रानओढ यांनी विचारले होते. मला हा त्यांचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो.

वाफसा

कातळवेडा यांच्याशी मी सहमत आहे, पण एक मर्यादा नोंदवतो. हे सर्व कातळ कुजलेला असेल तरच खरे. जिथे हिमनद्यांनी कुजका थर खरवडून नेला आहे, तिथे पातळ मातीखाली थेट ताजा ग्रॅनाइट लागतो आणि अशा जागी झाडे खुरटी, विरळ, केवळ भेगांच्या रेषेत उगवलेली दिसतात. दोन्ही ठिकाणी वरची माती दिसायला सारखीच असेल, आणि खड्डा उथळ असेल तर अहवालातील वर्णनही सारखेच लिहिले जाईल.

रानओढ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आलो.

खड्डा पाण्याने मोजला आणि धोंड्यांसह सर्व तोलले. आकारमानाने दगड ५४ टक्के भरले. मागच्या वेळचा वजनाचा आकडा धोंडे वगळूनही ६६ होता. नंतर पहारीने तळ फोडला. साठ सेंटीमीटरांवर मी जो ‘खडक’ समजलो होतो, तो पहारीच्या चौथ्या-पाचव्या घावाला ढेकळासारखा सुटला. त्यात पांढऱ्या शिरा आणि सांधे जसेच्या तसे होते, पण बोटांनी चुरडले की त्याची रेती होत होती. वरची रेती पूर्ण कोरडी असताना हा भुगा हाताला गार आणि दमट लागला. एका सांध्यात बोटाएवढे मूळ होते, कागदासारखे चपटे झालेले, आणि त्याच्या भोवती पांढऱ्या धाग्यांची जाळी पसरली होती. करडा रंग कुठेही आढळला नाही. एक मीटर दहा सेंटीमीटरांपर्यंत गेलो, तरी ताजा कातळ लागला नाही.

आता एक शंका राहते. नोंदवहीत मातीची खोली किती लिहावी, साठ सेंटीमीटर की त्याहून अधिक?

चाळणी

माती साठ सेंटीमीटर लिहा आणि त्याखाली कुजक्या कातळाचा थर स्वतंत्र नोंदवा : तो कशाने फुटला, मुळे कुठपर्यंत दिसली, सांध्यांमधील अंतर किती, ओल होती का. ‘तळ लागला नाही’ हेही स्पष्ट लिहा. आणि खड्डा बुजवताना काळपट थर सर्वांत वर येईल याची काळजी घ्या.

रानओढ

तो थर मी सुरुवातीलाच वेगळ्या कापडावर काढून ठेवला होता. पालापाचोळ्यासकट पुन्हा वर अंथरला आहे.